सत्राच्या शेवटचे वर्गप्रकल्प: मुलांचा रस शेवटच्या तासिकेपर्यंत कसा टिकवावा

परीक्षा संपलेली असते, पुस्तकातले धडे शिकवून झालेले असतात, आणि शाळा मात्र अजून आठ-दहा दिवस चालू असते. शिक्षकांपुढे पेपरांचे गठ्ठे, गुणतक्ते आणि निकालपत्रकं. मुलं बाकावर बसलेली, पण मनानं केव्हाच सुट्टीत पोचलेली. अशा वेळी ‘एखादा प्रकल्प करून घेऊ या’ असं बहुतेक शिक्षकांना वाटतं, आणि ते योग्यच आहे. अडचण नंतर सुरू होते. पहिल्या दिवशी पुठ्ठे, कात्र्या, रंग बघून सगळा वर्ग उत्साहानं कामाला लागतो. तिसऱ्या दिवशी निम्मे गट गप्पांत असतात. शेवटी दोन-तीन हौशी मुलं सगळ्यांचं काम उरकतात आणि तयार झालेला तक्ता भिंतीवर लागून तिथंच राहतो.

मुलं आळशी असतात म्हणून हे होतं, असं मला वाटत नाही. वर्षभर अभ्यासाला रेटा देणारी परीक्षा या दिवसांत मागे पडलेली असते. गुण ठरून गेलेत, हे मुलांना पक्कं माहीत असतं. तो रेटा गेल्यावर त्या जागी काहीच आलं नाही, तर काम थांबणारच. मग त्या जागी काय आणायचं? माझ्या मते एकच गोष्ट पुरेशी बळकट आहे: त्या कामाची खरोखर वाट पाहणारं कुणीतरी. आपण बनवतोय ते कुणाच्या तरी हाती जाणार आहे आणि ते वापरलं जाणार आहे, हे मुलांना कळलं की त्यांना कामाला बसवावं लागत नाही. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच गोष्टीभोवती बांधल्या आहेत.

आधी तासिका मोजा

कॅलेंडर समोर घ्या. शाळेच्या शेवटच्या दिवसाच्या दोन दिवस आधी प्रकल्प संपवायचा, हे ठरवून टाका. अगदी शेवटच्या दोन दिवसांत हजेरी रोडावते, पुस्तकं परत करणं, वर्ग आवरणं असली कामं निघतात, आणि तेव्हा काहीही नीट पार पडत नाही. ठरवलेल्या तारखेपासून उलट मोजत या. मधल्या सुट्ट्या, कार्यक्रम, सराव यांत जाणाऱ्या तासिका वजा करा. उरतील त्यांतल्या पाव तासिका राखीव ठेवा.

ही राखीव वेळ चैन नाही. कामाला किती वेळ लागेल याचा अंदाज माणसं हमखास कमी बांधतात. डॅनियल कानमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी 1979 मध्ये या सवयीकडे लक्ष वेधलं होतं. 1994 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ‘तुमचा प्रबंध किती दिवसांत पूर्ण होईल?’ असं विचारलं गेलं. त्यांचा सरासरी अंदाज सुमारे 34 दिवसांचा निघाला, प्रत्यक्षात सरासरी 55 दिवसांहून जास्त लागले. दहातल्या साधारण तिघांनीच आपला अंदाज पाळला. ही तर प्रबंध लिहिणारी मोठी मुलं होती. दहा-बारा वर्षांच्या मुलांकडून अचूक अंदाजाची अपेक्षा धरणं त्यांच्यावर अन्याय करणारं आहे. तो अंदाज शिक्षकानं बांधायचा आणि सढळ हातानं बांधायचा.

समजा हाती 8 तासिका आहेत. मग 6 तासिकांत बसेल एवढंच काम निवडा. पहिल्या तासिकेत प्रश्न आणि आराखडा. दुसऱ्या-तिसऱ्या तासिकेत कामाचं पहिलं कच्चं रूप. चौथीत ते दुसऱ्यांना दाखवून सूचना घेणं, पाचवीत दुरुस्ती, सहावीत काम ज्यांच्यासाठी केलं त्यांच्या हाती देणं. उरलेल्या दोन तासिका कुठं ना कुठं खर्च होतातच. या मांडणीत एक गोष्ट मुद्दाम केली आहे: पहिलं कच्चं रूप तिसऱ्या तासिकेअखेर हातात येतं. दिसायला कसंही असो, पण ते लवकर दिसलं पाहिजे. चार-पाच दिवस फक्त माहिती गोळा करायची आणि मग बनवायला घ्यायचं, असं ठरवलं की प्रकल्प मध्येच दम तोडतो.

तासिका 35-40 मिनिटांची असेल तर साहित्य काढण्यात आणि आवरण्यात त्यातली दहा मिनिटं सहज जातात. या दिवसांत वेळापत्रक थोडं सैल असतं. शेजारच्या तासिकेच्या शिक्षकांशी बोलून जोडतासिका मिळत असेल तर जरूर घ्या. दोन सुट्या तासिकांपेक्षा एका जोडतासिकेत काम जास्त होतं.

मग वाट पाहणारा शोधा

आपण सवयीनं आधी विषय ठरवतो: पर्यावरण, वाहतूक, सूर्यमाला. मी उलट क्रम सुचवीन. आधी काम कुणासाठी करायचं ते ठरवा. लांब जायची गरज नाही, शाळेच्या आवारातच अशी माणसं असतात.

सर्वांत जवळचा पर्याय म्हणजे आपल्याहून दोन-तीन इयत्ता लहान असलेला वर्ग. त्या मुलांना पाढे येत नाहीत, घड्याळ वाचता येत नाही, जोडाक्षरं अडतात. त्यांच्यासाठी खेळ बनवायचा म्हटलं की मोठी मुलं आपोआप गंभीर होतात. लहानांसमोर फजिती व्हावी असं कुणालाच वाटत नसतं. शिवाय ज्यांना स्वतःला अपूर्णांक कच्चे आहेत, अशी मुलं लहानांना अर्धा-पाव शिकवण्यासाठी स्वतः तो भाग पुन्हा नीट समजून घेतात. एरवी ती त्या पानाकडे वळलीही नसती.

दुसरा पर्याय, पुढच्या वर्षी याच वर्गात येणारी मुलं. ‘या इयत्तेत आम्हाला काय अवघड गेलं आणि ते कसं सुटलं’ अशी पुस्तिका त्यांच्यासाठी करता येते. ही मला फार आवडते, कारण वर्षभराची उजळणी तिच्यात आपसूक होते आणि मुलांना आपण किती शिकलो ते स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं. ग्रंथालयासाठी पुस्तकांची शिफारसपत्रं, शाळेत नव्यानं येणाऱ्यांसाठी आवाराचा मापानुसार नकाशा, प्रयोगशाळेसाठी टाकाऊ वस्तूंपासून साहित्य, हेही चालतं.

वाट पाहणारा नावापुरता नको. पहिल्याच दिवशी तो वर्गात आला पाहिजे. लहान वर्गातल्या चार मुलांना आणि त्यांच्या बाईंना दहा मिनिटं बोलवा आणि त्यांनाच सांगू द्या: आम्हाला सहाचा पाढा लक्षात राहत नाही, आम्हाला फाशाचे खेळ आवडतात, आमचे तुकडे हरवतात म्हणून डबी हवी. तुमच्या मुलांनी त्यांना प्रश्न विचारावेत आणि उत्तरं टिपून घ्यावीत. ही दहा मिनिटं पुढच्या सगळ्या दिवसांना पुरतात. काम रेंगाळलं की ‘त्यांनी डबी मागितली होती, झाली का?’ एवढं विचारलं तरी भागतं.

पालकांना शेवटच्या दिवशी बोलावणंही चांगलं आहे, पण पालक कौतुक करायलाच येतात. काम कसंही झालं तरी ते छान म्हणतील, हे मुलं ओळखून असतात. वापरणारा माणूस वेगळा. त्याला ते चालवून बघायचं असतं.

विषयाऐवजी प्रश्न द्या

‘सूर्यमाला’ हा विषय दिला की मुलं इंटरनेटवरून मजकूर उतरवतात आणि रंगीत चेंडू एका ओळीत चिकटवतात. आता हाच विषय प्रश्न म्हणून बघा: सूर्य 10 सेंटिमीटरच्या चेंडूएवढा केला, तर पृथ्वी कुठं ठेवावी लागेल? वर्ग आधी अंदाज करील, बहुतेक जण हातभर अंतर सांगतील. मग भागाकार करायला लावा. पृथ्वी येते सुमारे 0.9 मिलिमीटरची, म्हणजे जाड टाचणीच्या डोक्याहूनही लहान, आणि ती ठेवायची सूर्यापासून जवळजवळ पावणेअकरा मीटरवर. गुरू एक सेंटिमीटरचा, 56 मीटरवर. नेपच्यून तर 320 मीटरच्याही पलीकडे, बहुधा शाळेच्या फाटकाबाहेर. हे एकदा कळलं की मुलांना बाहेर मैदानात जाऊन पावलांनी मोजायचंच असतं. वर्षभर ऐकलेलं गुणोत्तर आणि प्रमाण तिथं खरं वाटू लागतं.

असे आणखी काही प्रश्न सांगतो. दोरीला वजन बांधून बरोबर एका सेकंदात एक झोका पूर्ण करणारा लंबक बनवता येईल का? जाऊन परत येण्याला एक झोका धरायचं. मुलं आधी वजन बदलून बघतात. त्यानं काही होत नाही, तेव्हा चक्रावतात, मग दोरीची लांबी बदलतात आणि साधारण 25 सेंटिमीटरवर येऊन पोचतात. एक झोका मोजणं अवघड जातं. दहा झोके मोजून दहानं भागायचं, ही युक्ती त्यांना स्वतःला सुचू द्या. दुसरा प्रश्न: घड्याळात बारा वाजतात तेव्हाच काठीची सावली सर्वांत लहान असते का? मैदानात काठी रोवून दर दहा मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खूण करायची, एवढंच काम. उत्तर बहुतेक ठिकाणी ‘नाही’ असं येतं, आणि मग का नाही याची चर्चा तासभर चालते. तिसरा: 20 सेंटिमीटर अंतरावर ठेवलेल्या दोन पुस्तकांच्या थप्प्यांवर एकाच कोऱ्या कागदाचा पूल करून जास्तीत जास्त किती नाणी पेलता येतील? सपाट कागद दोन-चार नाण्यांतच वाकतो. तोच पंख्यासारख्या घड्या घालून ठेवला की पुष्कळ वजन घेतो.

भाषेच्या तासालाही हे जमतं. ‘आपल्या आजी-आजोबांच्या बोलण्यातले कोणते शब्द आपण वापरत नाही?’ हा प्रश्न घेऊन घरी जाणारी मुलं दुसऱ्या दिवशी शब्दांच्या याद्या घेऊन येतात. त्यांचा छोटा सचित्र कोश ग्रंथालयात ठेवता येतो.

चांगला प्रश्न ओळखण्यासाठी मी तीन गोष्टी बघतो. उत्तर शोधयंत्रावर तयार मिळत नाही ना. दुसऱ्या दिवसाअखेर मुलांना काहीतरी घडलेलं दिसेल ना. आणि हाताशी असलेल्या साहित्यात ते होईल ना. बी रुजवण्याचे प्रयोग या तिसऱ्या कसोटीला उतरतात, पण दुसऱ्या कसोटीत अडकतात. कडधान्याला मोड लवकर येतात, पण रोपांची तुलना करण्याजोगी वाढ व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात. असा प्रयोग घ्यायचाच असेल तर परीक्षेच्या आधीच बी पेरून ठेवा.

निवड द्या, पण मोजकी

विल्यम किलपॅट्रिक या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञांनी 1918 मध्ये प्रकल्प पद्धतीवर लिहिलेल्या निबंधात कामाचे चार टप्पे सांगितले होते: हेतू ठरवणं, योजना आखणं, ती पार पाडणं आणि झालेलं काम पारखणं. त्यांचा आग्रह असा होता की हे चारही टप्पे मुलांच्या हातून व्हावेत. शाळांमध्ये आज बहुतेक वेळा हेतू आणि योजना शिक्षक ठरवतात, पारखही तेच करतात, आणि मुलांच्या वाट्याला मधला एकच टप्पा येतो. चारांतला एकच टप्पा हाती आल्यावर काम आपलं वाटणं कठीण असतं.

तरीही ‘तुम्हाला हवं ते करा’ म्हणणं हा उपाय नव्हे. सगळं मोकळं सोडलं की पहिल्या दोन तासिका ठरवण्यातच जातात आणि वाद होतात. कुणासाठी करायचं आणि कधीपर्यंत, हे शिक्षकानं पक्कं करावं. कोणता प्रश्न, तो तीन-चारांतून मुलांनी निवडावा. कोणत्या रूपात मांडायचं (खेळ, पुस्तिका, नकाशा, प्रतिकृती, छोटं नाटुकलं), ते पूर्णपणे मुलांवर सोडावं. एवढी मोकळीक पुरते.

योजना लिहून घेताना एकाच कागदावर चार ओळी मागा: आम्ही काय बनवणार, कुणासाठी, आम्हाला काय लागेल, आणि उद्याच्या तासिकेत पहिल्या पाच मिनिटांत आम्ही काय करणार. चौथी ओळ सर्वांत मोलाची. ती लिहिलेली असली की दुसऱ्या दिवशी ‘आता काय करायचं?’ असं विचारत गट तुमच्या टेबलाभोवती जमत नाहीत.

गट लहान ठेवा

माक्स रिंगेलमान या फ्रेंच कृषी अभियंत्यानं माणसांना दोरी ओढायला लावून त्यांचं बळ मोजलं होतं. ते निष्कर्ष 1913 मध्ये प्रसिद्ध झाले. गट वाढेल तसा प्रत्येकाचा वाटा घटत गेला आणि आठ जणांच्या गटात तो एकट्यानं ओढण्याच्या निम्म्यावर आला. काही घट सगळ्यांचा जोर एकाच क्षणी लागत नाही म्हणून होते, काही घट ‘बाकीचे ओढतायत ना’ म्हणून. वर्गातल्या आठ जणांच्या गटात या दोन्ही गोष्टी रोज दिसतात.

म्हणून तीन जणांचा गट उत्तम, चार चालतील, पाच शक्यतो नकोत. गट जास्त झाले तर तुमची धावपळ वाढते हे खरं, पण गप्प बसून राहणारं मूल तिघांच्या गटात लपू शकत नाही. मैत्रीवरून गट पाडायचे की शिक्षकानं ठरवायचे, यावर मतं वेगवेगळी आहेत. सत्राच्या शेवटी मी एक मित्र निवडू द्यायच्या बाजूचा आहे: प्रत्येकानं चिठ्ठीवर दोन नावं लिहायची, त्यातलं एक तरी त्याच्या गटात असेल असं बघायचं, बाकी जुळणी आपली. कुणाच्याच चिठ्ठीत नाव न आलेलं मूल कोण हे यातून फक्त तुम्हाला कळतं. त्याला समजूतदार गटात ठेवता येतं आणि सगळ्यांसमोर त्याची वाच्यता होत नाही.

गटप्रमुख हे पद नको. प्रमुख ठरला की बाकीचे त्याच्यावर सोडून मोकळे होतात. त्याऐवजी काम वाटताना अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एलियट ॲरॉन्सन यांची कल्पना उपयोगी पडते. 1971 मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिन इथल्या शाळांत गोऱ्या, कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन वंशाच्या मुलांमध्ये तेढ होती. ॲरॉन्सन आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी धड्याचे तुकडे करून प्रत्येक मुलाकडे एकेक तुकडा दिला. आपला तुकडा इतरांना समजावून सांगितल्याशिवाय कुणाचंच चित्र पूर्ण होत नव्हतं. प्रकल्पातही असंच करा. सूर्यमालेच्या गटात एकाकडे अंतरांचा हिशेब, एकाकडे आकारांचा, एकाकडे मैदानातल्या खुणा. तिघांपैकी एकाचं थांबलं तर बाकीच्यांचं पुढे सरकत नाही, म्हणून तेच एकमेकांना हलवतात.

गैरहजेरीचं काय करायचं, हा या दिवसांतला खरा प्रश्न. प्रत्येक गटाचं सगळं काम एका पिशवीत किंवा खोक्यात वर्गातच राहील, कुणीही घरी नेणार नाही, हा नियम पहिल्याच दिवशी करा. ज्याच्याकडे तक्ता आहे तो मुलगा गावाला गेला आणि गट रिकाम्या हातानं बसला, असं मग होत नाही. घरी न नेण्याचा आणखी एक फायदा म्हणजे काम मुलांचंच राहतं, पालकांचं होत नाही.

रोजची तासिका

प्रत्येक तासिकेला तोच साचा ठेवला तर मुलांना स्थिरता येते. सुरुवातीला तीन मिनिटं: फळ्यावर ‘सुपूर्द करायला इतके दिवस उरले’ हे लिहा आणि प्रत्येक गटाकडून आज काय पूर्ण होणार ते एका वाक्यात ऐका. ‘आज प्रकल्प करणार’ हे वाक्य घेऊ नका. ‘आज फाशाचा खेळ एकदा खेळून बघणार’ हे घ्या.

मधला वेळ कामाचा. या वेळात पेपर तपासायला बसण्याचा मोह फार होतो. निदान पहिले तीन दिवस तो टाळा. एका गटाजवळ दोन-तीन मिनिटं खाली बसा, काम बघा आणि एकच प्रश्न विचारा: ‘सहा वर्षांच्या मुलाला हे वाचता येईल?’, ‘हे अंतर कसं काढलंत?’ उत्तर देऊन टाकू नका. शक्य झालं तर रोज प्रत्येक गटाकडे एकदा तरी जा. चौथ्या दिवसापासून गट सुटे चालू लागतात, मग तुमच्या गठ्ठ्याला थोडा वेळ मिळतो.

शेवटची सात मिनिटं आवरण्याची आणि नोंदीची. वहीत दोन ओळी पुरेत: आज काय झालं, काय अडलं. अडलेलं वाचून दुसऱ्या दिवशी कुणाकडे आधी जायचं ते तुम्हाला कळतं.

मधला उतार आणि कच्चं काम

बहुतेक प्रकल्प मध्यावर ढेपाळतात. नवेपण संपलेलं असतं आणि शेवट अजून दिसत नसतो. मुलं ‘आमचं झालं’ म्हणू लागतात, आणि झालेलं काम घाईचं असतं. याच जागी चौथी तासिका उपयोगी येते.

त्या दिवशी प्रत्येक गटानं आपलं कच्चं काम दुसऱ्या गटाला वापरायला द्यायचं. खेळ असेल तर समजावून न सांगता खेळायला द्यायचा आणि बनवणाऱ्यांनी तोंड बंद ठेवून बघत राहायचं. कुठं अडलं, कोणता नियम कळला नाही, सगळं समोर दिसतं. लहान वर्गातली दोन-तीन मुलं त्या दिवशी वीस मिनिटं आली तर आणखी उत्तम. आपण मेहनतीनं लिहिलेल्या सूचना लहान मुलगी वाचूच शकत नाही हे बघितल्यावर मोठी मुलं त्या स्वतःहून पुन्हा लिहितात. हेच शिक्षकानं सांगितलं असतं तर वाद झाला असता.

सूचना कशा द्यायच्या तेही आधी शिकवावं लागतं. रॉन बर्गर या अमेरिकी शिक्षकांनी रुजवलेले तीन निकष मुलांना पटकन समजतात: सूचना प्रेमानं केलेली असावी, नेमकी असावी आणि उपयोगी पडणारी असावी. ‘छान आहे’ ही सूचना प्रेमळ आहे, पण नेमकी नाही. ‘अक्षर घाण आहे’ यात प्रेमही नाही आणि उपयोगही नाही. ‘तिसऱ्या नियमात कुणाची पाळी ते कळत नाही, नाव लिही’ ही सूचना तिन्ही निकषांना उतरते. फळ्यावर अशा चार-पाच सूचना लिहून कोणती चालेल, कोणती नाही, हे वर्गाकडूनच ठरवून घ्या. दहा मिनिटं जातात, पण त्यानंतर मुलं एकमेकांचं काम ज्या आस्थेनं बघतात ते पाहण्यासारखं असतं.

कच्ची प्रत फेकू देऊ नका. पक्क्या कामासोबत ती ठेवा. दोन्ही शेजारी ठेवल्यावर मुलांना आपली प्रगती सांगावी लागत नाही.

गुण आणि बक्षिसं

रस टिकत नाही असं दिसलं की ‘उत्तम प्रकल्पाला बक्षीस’ जाहीर करावंसं वाटतं. माझा सल्ला आहे, करू नका. 1973 मध्ये मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी बालवाडीतल्या, चित्रं काढायची मुळात आवड असलेल्या मुलांवर एक प्रयोग केला. काही मुलांना ‘चित्र काढलंत तर प्रशस्तिपत्र मिळेल’ असं आधी सांगितलं. काहींना ते नंतर अचानक दिलं. काहींना दिलंच नाही. एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळात बघितलं, तर आधी आमिष दाखवलेली मुलं इतरांच्या साधारण निम्माच वेळ चित्रं काढत होती. जी गोष्ट आवडीनं होत होती, ती आमिषापायी मोबदल्याचं काम झाली.

वर्गातली स्पर्धा आणखी एक नुकसान करते. पहिल्या दोन दिवसांत कोण जिंकणार ते सगळ्यांना दिसतं आणि बाकीचे गट हात आखडतात. गुण देणं शाळेच्या नियमानं भागच असेल, तर ते नोंदवहीवर आणि केलेल्या दुरुस्त्यांवर द्या. सजावटीवर नकोत. मग ज्याचं चित्र चांगलं नाही त्यालाही पूर्ण गुण मिळवता येतात.

बाजूला राहणारी मुलं, आणि लवकर संपवणारी

काही मुलं कोणत्याच गटात रमत नाहीत. त्यांना आग्रह करण्याऐवजी असं काम द्या जे एकट्यानं करायचं पण सगळ्यांना लागतं: छायाचित्रं काढणं, सर्व गटांच्या कामाचा वृत्तांत लिहिणं, साहित्याची नोंद ठेवणं, पुस्तिकेची पानं शिवणं. लिहायला अडखळणारं मूल बोलून माहिती देऊ शकतं आणि दुसरा लिहून घेऊ शकतो. हात चालणारं मूल गणितात मागं असलं तरी मैदानात फीत धरून अंतरं तोच नीट आखतो.

लवकर संपवणाऱ्या गटाला नवं काम देऊ नका, ती त्यांना शिक्षा वाटते. त्यांना आधी विचारा, ‘हे त्या मुलांनी आत्ता वापरलं तर कुठं अडेल?’ बहुतेक वेळा काहीतरी सापडतंच. खरोखर काही उरलं नसेल, तर त्यांना दुसऱ्या गटाच्या मदतीला पाठवा. पण जाण्याआधी त्या गटाची परवानगी घ्यायला सांगा.

सुपूर्द करण्याचा दिवस

समोर उभं राहून एकेका गटानं कागद वाचून दाखवायचा, हा प्रकार शक्यतो टाळा. दहावा गट येईपर्यंत वर्ग ऐकत नसतो, आणि त्यात ऐकणाऱ्यांचा दोष नसतो. बाकं भिंतीला लावून कामं मांडा. प्रत्येक गटातल्या एकानं आपल्या कामाजवळ थांबायचं आणि बाकीच्यांनी फिरायचं, दर आठ मिनिटांनी थांबणारा बदलायचा. म्हणजे प्रत्येक मुलाला आपल्या गटाचं सगळं काम समजावून सांगता यावंच लागतं. लहान मुलं येतील, खेळतील, प्रश्न विचारतील. गोंगाट होईल, तो होऊ द्या.

शेवटी काम खरोखर द्या. खेळाची डबी त्या वर्गाच्या कपाटात जाऊ द्या, पुस्तिकेला ग्रंथालयाचा क्रमांक मिळू द्या, नकाशा फाटकाजवळ लागू द्या. त्यावर गटातल्या सर्वांची नावं आणि वर्ष असावं. दुसऱ्या दिवशी त्या बाईंकडून एका ओळीची चिठ्ठी मागून घ्या, ‘आज मुलं कोणता खेळ खेळली’ एवढीच. ती तुमच्या वर्गात वाचून दाखवा. मग अर्धी तासिका मुलांशी बोला: पुन्हा केलं तर काय वेगळं कराल? किलपॅट्रिक यांच्या चौथ्या टप्प्याची हीच जागा आहे. या गप्पांतून पुढच्या वर्षीच्या प्रकल्पासाठी तुम्हाला जे मिळतं ते टिपून ठेवा, सुट्टीनंतर आठवत नाही.

तीनच तासिका उरल्या असतील तर

असंही होतं. तेव्हा मोठं काही हाती घेऊ नका, पण क्रम तोच ठेवा. पहिल्या तासिकेत लहान वर्गातली चार मुलं बोलावून त्यांची अडचण ऐका आणि त्याच तासिकेत जोड्यांनी एकेक पत्त्यांचा किंवा फाशाचा खेळ कागदावर आखा. दुसऱ्या तासिकेच्या पूर्वार्धात जोड्यांनी खेळ अदलाबदल करून खेळायचे, उत्तरार्धात दुरुस्ती. तिसरी तासिका लहान मुलांच्या वर्गात, त्यांच्यासोबत खेळत. पुठ्ठा नसेल तर वापरलेल्या वह्यांची मागची कव्हरं कापून पत्ते होतात. सत्राच्या शेवटी ती प्रत्येकाच्या दप्तरात असतात.